आंबोली

आंबोली : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील थंड हवेचे ठिकाण व सह्याद्रीतील पर्जन्यवनाचा प्रदेश. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 690 मी. मालवणहून येणारा रस्ता कसालला मुंबई–गोवा महामार्गाला मिळतो. तेथून कुडाळ, सावंतवाडी, दाणोलीमार्गे घाट चढून येथे येतात. सावंतवाडीपासून अंतर सुमारे 30 किमी.

समुद्रावरून येणारे मोसमी ढग येथील कड्याला अडतात. त्यामुळे वर्षाला सरासरी 7,000 मिमी.हून अधिक पाऊस पडतो. घाटातल्या मुख्य धबधब्याचे पाणी कोकणात उतरते. गुहेत उगम पावणारी हिरण्यकेशी नदी मात्र पूर्वेला वळून घटप्रभेला व पुढे कृष्णेला मिळते.

जंगल सदाहरित व निमसदाहरित असून त्यात अंजनी, जांभूळ, हिरडा हे वृक्ष आढळतात. मधूनमधून जांभ्या दगडाचे उघडे सडे आहेत. पिवळसर अंगाचा आंबोली टोड याच सड्यांवर राहतो. 2009 मध्ये नोंदवलेली ही जाती जगात अन्यत्र सापडलेली नाही. पहिल्या पावसात थोडेच दिवस नर-माद्या एकत्र येतात आणि दगडातल्या वीतभर डबक्यांत अंडी घालतात. उडता बेडूक मात्र पाण्यावर झुकलेल्या पानांना फेसाचे घरटे चिकटवतो. पिल्ले त्यातून खाली पाण्यात पडतात. मातीत देवगांडूळ हा बिनपायांचा उभयचर राहतो. त्याचे कूळ गोंडवन महाखंडाच्या काळाइतके जुने आहे. भारत त्या महाखंडाचा भाग होता. 

आंबोलीला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा नाही. मात्र हिरण्यकेशीच्या मंदिरकुंडात सापडलेल्या, 2020 मध्ये शास्त्रीय नाव मिळालेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या माशासाठी तेथील 2.11 हेक्टर क्षेत्र 2021 मध्ये जैवविविधता वारसास्थळ ठरले.

पावसाळ्यातील गर्दी बहुधा धबधबा, कावळेसाद आणि महादेवगड या ठिकाणांपर्यंतच असते. जंगल पाहायचे तर स्थानिक जाणकाराबरोबर रात्री, बॅटरी घेऊन, सावकाश चालावे. मलबार चापडा हा विषारी साप हाताच्या उंचीवरच्या फांदीवरही निवांत बसलेला असतो. म्हणून आधारासाठी झाडाला हात लावण्यापूर्वी उजेड टाकावा. सड्यावरची डबकी तुडवू नयेत. टोडची पुढची पिढी त्यांतच असते.