हायकोर्ट कुठे बसतं?

परवा आमच्या सोसायटीतले एक काका पहाटे चिंचवड स्टेशनसाठी रिक्षा शोधताना दिसले. हातात तीच जुनी, कागदांनी फुगलेली पिशवी. भोसरीच्या कारखान्यातून कामावरून काढल्याची त्यांची केस आता मुंबईत हायकोर्टात आहे. "सिंहगड मिळाली म्हणजे झालं. पुढे बोर्डावर नंबर लागतोय की नाही, देव जाणे!"

तेव्हापासून हे हायकोर्ट डोक्यात घोळतंय.

मुंबई उच्च न्यायालय १४ ऑगस्ट १८६२ रोजी सुरू झालं. १८६१ च्या कायद्यात न्यायाधीशांची वाटणीच ठरलेली होती. किमान एक तृतीयांश बॅरिस्टर, किमान एक तृतीयांश सिव्हिलियन, आणि मुख्य न्यायाधीश बॅरिस्टरच. आपले न्यायमूर्ती रानडे यांतले काहीच नव्हते. पुण्यात सबजज्ज होते. सरकारला त्यांचा संशय, म्हणून नाशिक-धुळ्याच्या बदल्याही झाल्या. १८९३ मध्ये तेलंग वारले, तेव्हा कुठे ती खुर्ची रानड्यांना मिळाली.

आता ती वाटणी नाही. दहा वर्षांची वकिली किंवा न्यायिक नोकरी लागते. नावं सुचवतात मुख्य न्यायमूर्ती आणि त्यांचे दोन ज्येष्ठ सहकारी, ती पारखतं सुप्रीम कोर्टाचं कॉलेजियम, आणि नेमतात राष्ट्रपती. ही पद्धत १९९३ च्या निकालातून आली. सरकारने ती बदलण्यासाठी आयोग आणला, तो २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानेच रद्द केला. (न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडावेत हे मला पूर्ण पटत नाही, पण मंत्र्यांनी निवडावेत हे तर अजिबातच नाही!) असो.

मला खरी गंमत पुढची वाटते. कोर्ट कुठे बसायचं, हेसुद्धा १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यानुसार मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या संमतीने ठरवू शकतात. त्याच अधिकारात १९८१ मध्ये औरंगाबादला कोर्ट बसलं. त्यावरचा वाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि औरंगाबाद टिकलं. १९७८ च्या विधानसभेच्या ठरावात मात्र दोन नावं होती, औरंगाबाद आणि पुणे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झालं. सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे जिल्हे त्याला जोडले. पुणे जिल्हा मुंबईकडेच राहिला.

आपण मुंबईला जवळ, हेच आपल्या मुळावर आलं असावं. कोल्हापूरच्या माणसाचा प्रवास लांबचा, हे कुणालाही दिसतं. पण इथल्या माणसाचाही एका तारखेला अख्खा दिवस जातो, आणि रोजंदारी बुडते ती वेगळीच.

काका रात्री दहाला परतले. नंबर लागला नव्हता.