‘स्प्रे’ नौकेचा तोल

कॅप्टन जोशुआ स्लोकम याने इ. स. १८९५ ते १८९८ या काळात ‘स्प्रे’ नावाच्या जेमतेम ३७ फूट लांबीच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. या प्रवासातील खरा प्रश्न झोपेचा होता. एकटा मनुष्य अहोरात्र सुकाणू धरून बसू शकत नाही. नौकेने आपली दिशा आपणच राखली तरच तो जगतो. १८९७ साली थर्सडे बेटापासून कीलिंग बेटांपर्यंतचे २७०० मैल ‘स्प्रे’ने २३ दिवसांत तोडले आणि त्या अवधीत स्लोकम सुमारे तीनच तास सुकाणूवर होता.

या गुणाचे श्रेय बहुधा नौकेच्या लांब, सरळ तळकण्याला दिले जाते. ते निराधार नाही. १८९५ च्या जुलैत, अझोर्स बेटे सोडल्यावर स्लोकम आजारी होऊन पडला असता रात्रभर नौका मार्गावरच राहिली, आणि तोवर तिच्या डोलकाठीत काहीच फेरफार झालेला नव्हता. परंतु पुढील फेरफार पाहता हा निर्वाळा अपुरा वाटतो.

शिडांवरील वाऱ्याच्या दाबाचा मध्य पाण्याच्या पार्श्वविरोधाच्या मध्यामागे पडला, तर नौकेचे तोंड वाऱ्याकडे वळू पाहते. पुढे पडला, तर वाऱ्यापासून दूर. नौका कलली की वाऱ्याकडची ओढ वाढते. (मराठीतील ‘सुकाणू’ हा शब्द अरबी ‘सुक्कान’पासून आलेला असून तो साधनाचा वाचक आहे, इंग्रजी खलाशाचा ‘हेल्म’ मात्र साधनाबरोबर हाताला जाणवणारी ही ओढही दर्शवितो.) पर्नांबुको येथे मोठ्या शिडाची मोडलेली तळकाठी चार फुटांनी आखूड करण्यात आली, त्यामुळे दाबाचा मध्य पुढे सरकला. १८९६ साली ब्यूनोस आयर्स येथे डोलकाठी सात फुटांनी व नाळेपुढचा दांडा सुमारे पाच फुटांनी कमी केला. पहिल्याने दाब खाली येऊन कल घटला, दुसऱ्याने तो मागे गेला. त्यानंतर मॅगेलनच्या सामुद्रधुनीत पिछाडीस एक लहान डोलकाठी बसविण्यात आली; मध्य आणखी मागे आला. स्लोकम मात्र ही भर तात्पुरतीच मानी. पाठीवरच्या वाऱ्यात धावताना नाळेवरील लहान शीड तो मध्यरेषेत ताणून बांधी. नौका वळू लागताच त्यात वारा भरे आणि नाळ पूर्वस्थानी ढकलली जाई.

१९०९ साली सिप्रिआनो अँड्रेड या अभियंत्याने ‘द रडर’ मासिकात गणित मांडून ‘स्प्रे’चा तोल निर्दोष ठरविला. पण असे गणित उभ्या नौकेचे व सपाट शिडांचे असते. नौका कलताच दोन्ही मध्य हलतात. म्हणूनच नौकारचनाकार कागदावर दाबाचा मध्य मुद्दाम किंचित पुढे ठेवतात. ‘स्प्रे’ची दोन्ही केंद्रे कागदावर जुळली, यावरून ती समुद्रात का जुळली हे सिद्ध होत नाही, त्याचा उलगडा पर्नांबुकोपासून मॅगेलनपर्यंतच्या करवतीच्या कामात अधिक आहे.