हृदयविकाराची जोखीम आणि ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांचे दवाखाने

हृदयविकार जडण्याआधीच त्याची शक्यता मोजण्याची पद्धत अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या गावातून जगभर गेली. १९४८ पासून तिथल्या ५,२०९ स्त्री-पुरुषांच्या प्रकृतीची नोंद ठेवली गेली. वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आणि मधुमेह यांवरून पुढच्या काही वर्षांतला धोका सांगणारी सूत्रे त्यातून तयार झाली. ती माणसे जवळजवळ सगळी गोरी होती. हीच सूत्रे पुढे ऑस्ट्रेलियातील ॲबोरिजिनल आणि टॉरेस सामुद्रधुनीच्या बेटांवरील लोकांना लावली गेली. परक्या मोजपट्टीने या लोकांची जोखीम कमी भरत राहिली, आणि ती चूक दुरुस्त व्हायला काही दशके लागली.

हृदयविकार या लोकांत उशिरा आला, पण झपाट्याने पसरला. वसाहतकाळात मूळ रहिवाशांना त्यांच्या जमिनींवरून हटवून मिशनांत आणि सरकारी वस्त्यांत ठेवले गेले. तिथे शिधा म्हणून पीठ, साखर, चहा मिळे आणि जोडीला तंबाखू. शिकार, कंदमुळे आणि रोजची पायपीट संपली. हा बदल शरीराला किती भोवला होता, हे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरिन ओडी यांच्या एका प्रयोगातून दिसले. किंबर्ली भागातील डर्बी गावाजवळचे दहा मधुमेही ॲबोरिजिनल प्रौढ सात आठवडे आपल्या पारंपरिक मुलखात जाऊन शिकारीवर आणि रानातल्या अन्नावर राहिले. त्यांचे वजन सरासरी आठ किलोंनी उतरले आणि रक्तातील साखर व चरबी लक्षणीय सुधारली. दोष या लोकांच्या रक्तात असल्याची समजूत त्या काळी सर्रास होती. हा निकाल तिला खोडून काढणारा होता.

तपासणी करायची, तर आधी दवाखान्यात पाऊल टाकण्याची इच्छा हवी. सरकारी रुग्णालयांत हेटाळणी सोसलेले लोक तिथे जायला धजत नसत. १९७१ मध्ये सिडनीच्या रेडफर्न भागात मूळ रहिवाशांच्या कार्यकर्त्यांनी स्वतःचा वैद्यकीय दवाखाना उघडला. गॅरी फोली, गॉर्डन ब्रिस्को आणि ‘मम शर्ल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शर्ली स्मिथ यांच्यासोबत नेत्रतज्ज्ञ फ्रेड हॉलोजही त्यात होते. कारभार लोकांनी निवडलेल्या मंडळाकडे राहिला. याच धर्तीवर देशभर दवाखाने उभे राहिले. आपल्याच समाजातले, आपली भाषा आणि नातीगोती जाणणारे आरोग्य कार्यकर्ते या दवाखान्यांचा कणा ठरले. पुढच्या बऱ्याच तपासण्या त्यांच्या हातून झाल्या, हे या इतिहासात पुरेसे ठळकपणे सांगितले जात नाही.

१९९०च्या दशकात डार्विनच्या उत्तरेकडील तिवी बेटांवर वेंडी हॉय यांच्या पथकाने लघवीतील अल्ब्युमिन तपासायला सुरुवात केली. हे प्रथिन जितके जास्त, तितका मूत्रपिंडाबरोबरच हृदयविकाराने मृत्यूचाही धोका जास्त, असे आढळले. १९९५च्या अखेरीस रक्तदाबावरची औषधे पद्धतशीरपणे सुरू झाली आणि उपचार घेणाऱ्यांमधले नैसर्गिक मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. दशक सरताना हा कार्यक्रम मंदावला, निधी अपुरा पडला, आणि ही घट टिकली नाही.

सरकारने तपासणीला पैशाचे पाठबळ दिले ते मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेमार्फत. ५५ वर्षांवरील मूळ रहिवाशांसाठी १९९९ मध्ये आणि इतर प्रौढांसाठी २००४ मध्ये आरोग्य तपासणीचे दर ठरले. २०१० मध्ये सगळ्या वयोगटांसाठी ‘७१५’ हा एकच क्रमांक आला. दवाखान्यांत आजही ही तपासणी याच क्रमांकाने ओळखली जाते. रक्तदाब, वजन, कमरेचा घेर, रक्तातील साखर, धूम्रपानाची सवय असे सारे त्यात पाहता येते. पण तपासणीची पावती फाटली म्हणजे जोखीम मोजली गेली, असे होत नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘कान्यिनी’ पाहणीत मूळ रहिवाशांना सेवा देणाऱ्या आठ दवाखान्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक प्रौढांची हृदयविकारविषयक तपासणी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पुरी झालेली नव्हती. धोका मोठा ठरलेल्यांपैकी अनेकांना शिफारस केलेली औषधेही मिळत नव्हती.

मोजपट्टीचा दोष २००५ मध्ये आकड्यांत उघड झाला. झिचियांग वांग आणि हॉय यांनी उत्तरेकडील एका दुर्गम वस्तीतल्या लोकांचा माग ठेवला होता. फ्रेमिंगहॅमच्या सूत्राने जेवढे हृदयविकार अपेक्षित होते, त्याच्या सुमारे अडीच पट प्रत्यक्षात घडले. सर्वांत मोठी तफावत तरुण स्त्रियांमध्ये होती, म्हणजे ज्यांना हे सूत्र सर्वांत सुरक्षित ठरवत होते त्यांच्यातच. मध्य ऑस्ट्रेलियातील दवाखान्यांत वापरल्या जाणाऱ्या उपचारपुस्तिकेने त्यावर एक व्यवहारी तोडगा काढला: सूत्राने आलेल्या टक्केवारीत मूळ रहिवाशांसाठी सरळ पाच मिळवायचे. उपाय ओबडधोबड होता, पण धोक्यातली माणसे नजरेतून सुटण्यापेक्षा तो कितीतरी बरा.

दुसरा प्रश्न वयाचा होता. राष्ट्रीय सूचनांनुसार इतरांची जोखीम ४५व्या वर्षापासून मोजली जाई, मूळ रहिवाशांची ३५व्या. चाळिशीच्या आत हृदयविकाराने माणसे जाणाऱ्या कुटुंबांसाठी हीदेखील उशिराचीच वेळ होती. तज्ज्ञांच्या २०२०च्या सहमती निवेदनाने मधुमेह, मूत्रपिंडविकार आणि इतर धोक्यांची तपासणी उशिरात उशिरा १८व्या वर्षी सुरू करायला सांगितले, आणि एकूण जोखमीची मोजणी उशिरात उशिरा ३०व्या वर्षी.

२०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाने फ्रेमिंगहॅमचे सूत्र बाजूला ठेवले. नवे गणनयंत्र न्यूझीलंडच्या ‘प्रेडिक्ट’ अभ्यासावर बेतलेले आहे. चार लाखांहून अधिक लोकांच्या त्या अभ्यासात माओरी, पॅसिफिक बेटवासी आणि न्यूझीलंडमधल्या भारतीयांचीही वेगळी नोंद होती. पाच वर्षांत दहा टक्के किंवा अधिक शक्यता आली, की धोका मोठा मानला जातो. मूळ रहिवाशांसाठी स्वतंत्र सूत्र मात्र यातही नाही. आलेल्या आकड्यापेक्षा वरचा गट देण्याचा निर्णय डॉक्टरने रुग्णाचे वास्तव पाहून घ्यायचा असतो. अल्ब्युमिनची तपासणी या निर्णयात धरली जाते, आणि १८ ते २९ वयात गणनयंत्र न वापरता एकेक घटक तपासला जातो.