महाशीरचं वय

माशाचं वय खवल्यावरच्या वलयांवरून काढायची युक्ती १८९८ साली जर्मनीत हॉफबाउर यांनी कार्प माशावर वापरली. तिथे थंडीत वाढ खुंटते, वलयं दाटतात. लोणावळ्याच्या वळवण तलावातल्या महाशीरला तशी थंडी कुठली? इथे वलय उपासमारीचं असेल, नाहीतर विणीच्या शिणाचं. वर्षाला दोन पडत असतील आणि आपण एकच धरलं, तर वय दुप्पट अन् मृत्युदर निम्मा निघतो. मग जाळी बिनघोर पडतात!

याच लोणावळ्यात १९७०च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी महाशीरची कृत्रिम पैदास केली. केंद्र गाजलं ते नद्या-तलावांत पिल्लं सोडण्यासाठी. पण अशा पिल्लांची जन्मतारीख ठाऊक असते. वर्षभर तळ्यात वाढवलेल्या पिल्लाचा खवला भिंगाखाली धरला, की वर्षाला वलयं किती, ते सरळ मोजता येतं.