संतमस

संतमस : सेक्स्टन्स तारकासमूहातील विभा (एचडी ८६०८१) या ताऱ्याभोवती फिरणारा महाकाय वायुरूप ग्रह. औपचारिक संज्ञा एचडी ८६०८१ बी.

एन२के या शोधप्रकल्पातील खगोलशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अरीय वेग पद्धतीने [→ डॉप्लर परिणाम] त्याचा शोध लावला. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित हेलकावतो. त्यामुळे त्याच्या वर्णपटातील रेषा आलटून पालटून निळ्या व तांबड्या बाजूस सरकतात. विभाच्या बाबतीत हा वेगबदल सेकंदाला सुमारे २०० मी. इतका ठळक आहे.

ग्रहाचे किमान वस्तुमान गुरूच्या सुमारे दीडपट असून ताऱ्यापासूनचे अंतर अवघे ५२ लाख किमी. म्हणजे सूर्य-बुध अंतराच्या जेमतेम अकरावा भाग आहे. एक प्रदक्षिणा सुमारे २.१४ दिवसांत पुरी होते. अशा ग्रहांना ‘उष्ण गुरू’ म्हणतात. ते ताऱ्यापासून दूर निर्माण होऊन नंतर आत सरकले असावेत, असे एक प्रमुख मत आहे [→ ग्रहनिर्मिती].

आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या २०१९ मधील नामकरण उपक्रमात भारताच्या वाट्याला ही ग्रहमाला आली. ‘संतमस’ हे संस्कृत नाव ग्रहावरील संभाव्य ढगाळ वातावरणाचे सूचक आहे, तर ताऱ्याचे नाव विश्वकिरणांच्या अभ्यासक विभा चौधुरी यांच्या सन्मानार्थ आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील त्या पहिल्या महिला संशोधक होत. त्यांच्या कार्याची दखल फार उशिरा घेतली गेली [→ विश्वकिरण, बाह्यग्रह].