मेडिकेअर
मेडिकेअर : अमेरिकेच्या संघराज्य सरकारची आरोग्यविमा योजना. ६५ व त्यावरील वयाचे लोक, त्याहून कमी वयाचे काही अपंग आणि मूत्रपिंडे कायमची निकामी झालेले रुग्ण तिच्या कक्षेत येतात. सामाजिक सुरक्षा कायद्याच्या अठराव्या प्रकरणावर ती आधारलेली आहे. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ३० जुलै १९६५ रोजी मिझूरी राज्यातील इंडिपेन्डन्स येथे, ट्रूमन ग्रंथालयात विधेयकावर सही केली. १९४५ मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव मांडून अपयशी ठरलेल्या हॅरी ट्रूमन यांना पहिले कार्ड देण्यात आले. १ जुलै १९६६ पासून लाभ सुरू झाले. तेव्हा सुमारे १.९ कोटी लाभार्थी होते. २०२५ मध्ये ते सुमारे ६.८ कोटी होते. त्यांपैकी साधारण दहातील एक जण ६५ वर्षांखालील आहे. याच कायद्याच्या एकोणिसाव्या प्रकरणातून निघालेली ‘मेडिकेड’ ही गरिबांसाठीची, राज्यांच्या भागीदारीतील योजना वेगळी आहे. मेडिकेअरला पात्र ठरण्यासाठी गरिबी सिद्ध करावी लागत नाही.

पार्श्वभूमी : अमेरिकन मेडिकल असोसिएशनने योजनेला दीर्घकाळ विरोध केला. १९६१ मध्ये तिने रोनाल्ड रेगन यांच्या आवाजातील प्रचाराची ध्वनिमुद्रिका घरोघरी ऐकविली. अखेर प्रतिनिधिगृहाच्या अर्थसमितीचे अध्यक्ष विल्बर मिल्स यांनी तीन परस्परविरोधी प्रस्ताव एकाच विधेयकात गुंफले. रुग्णालयाचा विमा आणि डॉक्टरांचा विमा हे आजही स्वतंत्र भाग आहेत, ते या तडजोडीमुळे.

रुग्णालयांतील वर्णभेद : १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार भेदभाव करणाऱ्या संस्थेला संघराज्याचा निधी मिळत नसे. त्यामुळे मेडिकेअरचे पैसे हवे असलेल्या रुग्णालयांना कृष्णवर्णीयांसाठीचे वेगळे कक्ष बंद करावे लागले. १९६६ च्या पहिल्या काही महिन्यांत, प्रामुख्याने दक्षिणेत, हजाराहून अधिक रुग्णालयांनी व्यवस्था बदलली. योजनेच्या इतिहासात या घटनेला मिळते त्याहून मोठे स्थान मिळायला हवे.

अपंगांचा समावेश : मूळ कायद्यात अपंग नव्हते. ४ नोव्हेंबर १९७१ रोजी शेप ग्लेझर या रुग्णाने प्रतिनिधिगृहाच्या अर्थसमितीसमोर बसून डायलिसिस घेतले. ३० ऑक्टोबर १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केलेल्या दुरुस्तीने अपंग आणि मूत्रपिंडाचे रुग्ण हे दोन्ही गट योजनेत आले व जुलै १९७३ पासून त्यांना लाभ मिळू लागला. एकाच आजारासाठी वयाची अट न ठेवता दिलेला असा हक्क अमेरिकेत त्यापूर्वी नव्हता. डायलिसिस सुरू झाल्यावर लाभ सामान्यतः चौथ्या महिन्यापासून मिळतो. घरी डायलिसिस करण्याचे प्रशिक्षण घेणाऱ्यास पहिल्या महिन्यापासून.

इतर अपंगांची वाट मात्र लांब आहे. कमाईचे काम करता येत नाही आणि ही स्थिती किमान वर्षभर टिकेल किंवा तिच्यात मृत्यू संभवतो, हे आधी सिद्ध करावे लागते. त्यानंतर रोख अपंगत्व-भत्ता सुरू होण्यास पाच पूर्ण महिने आणि भत्ता सुरू झाल्यावर विम्यासाठी आणखी २४ महिने थांबावे लागते. ही मुदत खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी घातली गेली. तिला वैद्यकीय आधार नाही. नोकरी गेलेली, नोकरीबरोबरचा विमाही संपलेला आणि उपचारांची गरज सर्वाधिक, अशा काळात माणूस विम्याविना राहू शकतो. एएलएस या चेतातंतूंच्या आजारासाठी २४ महिन्यांची अट २००१ मध्ये उठविण्यात आली. इतरांसाठी ती पन्नास वर्षांनंतरही कायम आहे.

वयाच्या २२ वर्षांपूर्वी अपंगत्व आलेल्या प्रौढ अपत्यास आईवडिलांच्या नोकरीच्या नोंदीवरून भत्ता व त्यापाठोपाठ मेडिकेअर मिळू शकते. त्यासाठी पालक निवृत्त, अपंग किंवा मृत असावा लागतो. अपंग व्यक्ती पुन्हा कामाला लागली, तरी नऊ महिन्यांच्या चाचणीकाळानंतर किमान ९३ महिने विमा चालू राहतो. विमा जाईल या भीतीने काम नाकारणाऱ्या अनेकांना हे ठाऊक नसते. ‘जिमो’ खटल्यातील २०१३ च्या तडजोडीने आणखी एक अडसर दूर केला : प्रकृती सुधारण्याची शक्यता नाही एवढ्याच कारणाने कुशल शुश्रूषा किंवा भौतिकोपचार नाकारता येत नाहीत; आहे ती स्थिती टिकविणे हेही उपचाराचे वैध उद्दिष्ट मानले जाते.

रचना : ‘ए’ भागात रुग्णालय, मर्यादित शुश्रूषालय, गृहसेवा आणि १९८२ च्या कायद्यापासून मरणासन्नांची सेवा. पगारातून १.४५ टक्के कामगार व तेवढाच मालक भरतो. साधारण दहा वर्षे असा कर भरलेल्यास किंवा त्याच्या जोडीदारास या भागाचा हप्ता नसतो. ‘बी’ भागात डॉक्टर, तपासण्या व बाह्यरुग्णसेवा. हप्ता १९६६ मध्ये महिना ३ डॉलर होता, २०२५ मध्ये १८५ डॉलर. वार्षिक ठरावीक खर्च स्वतः केल्यावर बहुतेक सेवांचा २० टक्के भार रुग्णावर पडतो आणि त्याला वरची मर्यादा नाही. हा भार पेलण्यासाठी खासगी ‘मेडिगॅप’ विमा असतो. ६५ वर्षे पूर्ण झालेल्यास ‘बी’ सुरू झाल्यापासून सहा महिने तो आजार न विचारता मिळतो. ६५ खालील अपंगांना संघराज्याच्या कायद्याने असा हक्क नाही. राज्यागणिक नियम वेगळे.

‘सी’ : खासगी कंपन्यांमार्फतचा पर्याय, ‘मेडिकेअर अॅडव्हान्टेज’. निम्म्याहून अधिक पात्र लाभार्थी यात आहेत. त्यावर सरकारचा खर्च अधिक होतो, असे काँग्रेसची सल्लागार समिती ‘मेडपॅक’ मांडते. कंपन्यांना ते मान्य नाही.

‘डी’ : औषधे, २००३ चा कायदा, २००६ पासून लागू. २०२२ च्या कायद्याने इन्सुलिनचा महिन्याचा भार ३५ डॉलरवर आणि २०२५ मध्ये या भागातील औषधांचा वार्षिक भार २,००० डॉलरवर रोखला.

नोंदणी : ६५ व्या वाढदिवसाच्या महिन्याभोवती सात महिन्यांची मुदत असते. चालू नोकरीचा विमा वगैरे कारण नसताना ती चुकविल्यास ‘बी’ चा हप्ता उशिराच्या दर पूर्ण वर्षामागे १० टक्क्यांनी वाढतो, बहुधा आयुष्यभरासाठी.

न मिळणाऱ्या सेवा : दीर्घकालीन देखभाल, बहुतेक दंतोपचार, श्रवणयंत्रे, नेहमीचे चष्मे.

स्थलांतरित : मराठी कुटुंबांत नेहमी विचारला जाणारा प्रश्न मुलांनी बोलावून घेतलेल्या आईवडिलांचा असतो. मुलाने किंवा मुलीने भरलेल्या करावर पालकांना मेडिकेअर मिळत नाही. ग्रीन कार्डधारक पालकाने वयाची ६५ वर्षे पूर्ण केलेली असतील आणि तो सलग पाच वर्षे अमेरिकेत राहिलेला असेल, तर त्याला हप्ता भरून विमा घेता येतो. कामाची काहीच नोंद नसल्यास ‘ए’ चा हप्ता २०२५ मध्ये महिना ५१८ डॉलर होता. पहिल्या पाच वर्षांसाठी वेगळी सोय करावी लागते. भारत व अमेरिका यांच्यात सामाजिक सुरक्षेचा करार नसल्याने भारतातील नोकरीची वर्षे पात्रतेसाठी मोजली जात नाहीत. एच-१बी व्हिसावरील कर्मचारी मेडिकेअरचा कर भरतात. पण निवृत्तीनंतर पुण्यात किंवा सांगलीत स्थायिक झालेल्यास तेथील उपचारांचा खर्च मेडिकेअर देत नाही.