करडई : सोलापूर जिल्ह्यातील इतिहास

(सं. कुसुंभ, हिं. कुसुम, क. कुसुबे). सूर्यफुलाच्या कुलातील (कंपॉझिटी) ही काटेरी, वर्षायू ओषधी आहे. कार्थॅमस टिंक्टोरियस या शास्त्रीय नावातील दुसऱ्या पदाचा अर्थ 'रंगाऱ्यांच्या उपयोगाची' असा आहे. अक्कलकोट तालुक्यातील दुधनीसारख्या सीमेवरील गावी हिला मराठीत करडई व कन्नडमध्ये कुसुबे म्हणतात. कन्नड नावात कुसुंभ टिकला. मराठीत तो 'कुसुंबी' या रंगनामापुरता उरला.

पाकळ्यांतील पिवळे रंगद्रव्य पाण्याने धुऊन काढीत, नंतर त्या खाराच्या पाण्यात कुस्करीत व लिंबाच्या रसाने आम्लता आणून कापडावर तांबडा रंग चढवीत. हा रंग सुरेख, पण उन्हात व साबणाने विटणारा. 1856 मध्ये पर्किन यांनी कृत्रिम रंग शोधल्यानंतर स्वस्त रंगांपुढे तो टिकला नाही.

पीक मात्र तेलासाठी राहिले. खोल सोटमुळामुळे ते काळ्या जमिनीतील ओलीवर तगते. रब्बी ज्वारीत त्याच्या ओळी घेत आणि गुरे शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेनेही ते पेरीत. काटे दवाने नरम असतात तोवर, म्हणजे पहाटे, काढणी उरकावी लागते. सोलापूर येथे 1933 मध्ये कोरडवाहू शेतीचे संशोधन सुरू झाले. 'भीमा' हा वाण पुढे तेथलाच.

औषधी गुणांविषयी मतभेद जुना आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात (अध्याय 25) वनस्पतिज स्नेहांमध्ये कुसुंभाचा स्नेह सर्वांत अहितकर म्हटला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र लिनोलेइक अम्लाच्या विपुलतेमुळे (सु. 75%) हेच तेल हृदयास हितकर म्हणून खपले. दोन्ही मतांच्या कसोट्या भिन्न असल्याने एकाने दुसरे खोडले असे मानणे घाईचे होईल. चिनी वैद्यकात पाकळ्या रक्ताभिसरण व मासिक पाळीच्या तक्रारींवर देतात. गरोदरपणी त्या वर्ज्य आहेत.

1980 नंतरच्या दशकात देशात अनेक लाख हेक्टरांवर असलेले हे पीक आता एक लाख हेक्टरांच्या आत आले आहे. आयात पामतेल, ओलिताखालील ऊस व काट्यांमुळे न मिळणारे मजूर ही त्याची कारणे होत. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने (स्थापना 1968) बिनकाटेरी वाण काढल्याने हाताने पाकळ्या खुडणे सुकर झाले. फलधारणेनंतर सुकलेल्या पाकळ्या वेचल्यास बियांचे उत्पन्न घटत नाही.